दाजींचा होका

माझा नातजावई जुहूला विमान उडवायला शिकतो. शिकतो म्हणजे काय, घरात दुसरा विषयच नाही. आमटी पातळ झाली तरी त्याला ढग आठवतात. परवा तो ठाण्याला आमच्याकडे जेवायला आला होता. सांगत होता की हल्ली शिकणाऱ्याला विमानात बसवतात आणि त्याच्यावर कापडाचं छप्पर ओढतात. बाहेरचं काही म्हणजे काही दिसू देत नाहीत. समोर जे काटे असतात त्यांच्याकडे बघून विमान चालवायचं.

"आणि पडलात म्हणजे?" आमच्या हिने विचारलं.

"मास्तर असतो की बरोबर, आजी. त्याला दिसत असतं."

मग त्याने सगळी कथाच लावली. पूर्वीचे वैमानिक म्हणे अंगाच्या अंदाजाने उडवायचे. वारा गालाला कुठून लागतो, बूड कुठल्या बाजूला दबतं, त्यावरून. पण ढगात शिरलं की भले भले पट्टीचे उडवणारे गोल गोल घसरत खाली यायचे, आणि जमिनीवर आपटेपर्यंत त्यांना वाटत असायचं की आपण सरळ चाललोय. हे कोणाला पटेना. तेव्हा डोळे बांधून माणसांना फिरत्या खुर्चीत बसवून पाहिलं. खुर्ची गरगर फिरवायची, थांबवायची आणि विचारायचं, आता काय होतंय? खुर्ची गप्प उभी, आणि बसलेला छातीठोकपणे सांगतोय की मी उलटीकडे फिरतोय! मग भोवऱ्यासारखी फिरणारी चाकं घालून नवे काटे बनवले. पण काटे बनवणं सोपं होतं म्हणाला, माणसाला ते ऐकायला लावणं कठीण. म्हणून एवढं शिक्षण. अंग ओरडून काहीही सांगो, काट्याचं ऐकायचं.

"आजोबा, तुम्ही जेवत का नाही?"

मी म्हटलं, दाढ दुखतेय. खोटं बोललो. ते मला चांगलं जमतं.

ती फिरती खुर्ची मला माहीत होती. खुर्ची नव्हती, होडी होती, आणि पन्नासाहून जास्त वर्षांपूर्वी डोळ्यांना पंचा बांधून तीत बसलेलो मीच होतो.

आमचं गाव डोंबिवलीच्या बाजूला, खाडीकाठी. घरची थोडी मिठागरं होती आणि एक मचवा होता. आगगाडी आमच्या शिवारातून धूर सोडत जायची, पण डोंबिवलीला तेव्हा ती थांबत नसे. ठाण्याला जायचं तर पाण्यानेच. मचव्याचं सुकाणू दाजींकडे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. माणूस पोरका होता, म्हणून लग्नानंतर आमच्याकडेच राहिला. त्याआधी मोठ्या जहाजांवर खलाशी म्हणून फिरून आला होता, आणि तिथून एक होका घेऊन आला होता. लाकडी पेटी, वर काच, आत डुलणारी तबकडी. शहरी लोक त्याला होकायंत्र म्हणतात.

आमच्या गावात त्या होक्याची काय थट्टा व्हायची! खाडीत जन्मलेल्या माणसाला दिशा विचारायला पेटी लागते, हे कोणाला सहन होईना. "दाजी, चुलीकडं जायची वाट दावतो का तुमचा होका?" असं बायकासुद्धा विचारायच्या. मी तर सगळ्यांत पुढे. एकोणीस वर्षांचा होतो, मिसरूड फुटलेलं, वाटायचं खाडी माझ्या तळहातावर आहे.

दाजी चिडले नाहीत. एक दिवस मला छोट्या होडीत घालून मध्यावर नेलं, डोळ्यांना पंचा बांधला आणि होडी वल्ह्याने तीन-चार वेळा फिरवली.

"आता सांग, ठानं कुठं हाय? हात कर."

मी ऐटीत हात केला. पंचा काढून बघतो तर समोर कल्याण. काठावरची माणसं पोट धरून हसली. दाजींनी मला आठवडाभर रोज तेच करायला लावलं, आणि रोज माझा हात भलतीकडे जायचा. होडी थांबली तरी मला वाटायचं फिरतेच आहे.

"अरे, धुक्यात डोळा जातो," ते म्हणाले, "मंग कान न् अंग दोघं मिळून थापा मारतात. त्यांचं ऐकलंस की मेलास. ह्याचं ऐकायचं."

मग मी खरंच शिकलो. छान शिकलो. दाजी मला मागे बसवून वरून घोंगडी टाकायचे आणि नुसत्या होक्यावर मचवा चालवायला लावायचे. एक नियम मात्र शंभर वेळा सांगितला असेल. होका लोखंडाला भुलतो, लोखंड त्याच्या जवळ आणायचं नाही. नांगर पुढच्या टोकाला. सुकाणूवर बसताना कमरेचा चाकूसुद्धा काढून ठेवायचा. एकदा माझ्या करगोट्याला किल्ली होती तर मला त्यांनी मागून उठवून पुढे पाठवलं होतं.

त्यानंतरच्या पौषात बहिणीचं पहिलं बाळंतपण आलं. दोन दिवस झाले तरी सुटका होईना. गावच्या सुईणीने हात टेकले. दाजी म्हणाले, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायची. आमच्या आईने आकाशपाताळ एक केलं. बाईमाणसाला परक्या पुरुष डॉक्टरपुढे? पण बहीण स्वतःच म्हणाली, "न्या मला. मला मरायचं नाय." तेव्हा आई गोधड्या गोळा करायला लागली.

सकाळी उजाडताना भरती पूर्ण भरली होती. ती उतरायला लागली की तिच्याबरोबर खाली ठाण्याकडे जायचं, असा हिशेब. पण धुकं असं पडलेलं की मचव्याच्या मागून पुढचं टोक दिसेना. दाजी म्हणाले, "धुकं असू दे. होका हाय ना." पहिल्यांदाच कोणी हसलं नाही.

मागच्या बाजूला शिडाचं कापड बांधून आडोसा केला, त्यात गोधड्या घातल्या. तिथेच, सुकाणूपुढे, होक्याची पेटी होती. दाजी बहिणीला उचलून आणायला घरात गेले आणि आईने पदराआडून कोयता काढला.

आमच्याकडे अडलेल्या बाईच्या उशाशी लोखंड लागतंच. विळा म्हणा, कोयता म्हणा. त्याशिवाय तिला एकटी सोडत नाहीत, बाहेरचं काही लागू नये म्हणून. आई म्हणाली, "हा तिच्या उशाखाली घाल. जावयाला नको बोलू, तो ऐकायचा नाय."

मी कोयता घेतला आणि गोधडीखाली सरकवला. उशाच्या जागी. पेटीपासून वीतभर.

मला नियम आठवला नव्हता का? आठवला होता! हे कागदावर उतरवायला इतकी वर्षं गेली. हात गोधडीखाली असतानाच आठवला. पण वाटलं, एवढ्याशा कोयत्याने काय होतंय, आणि आता आईशी कोण वाद घालणार. तेवढ्यात दाजी बहिणीला घेऊन आले, ती कण्हत होती, घाई झाली, आणि मी बांबू घेऊन पुढच्या टोकाला निघून गेलो.

आई बहिणीच्या उशाशी बसली आणि आम्ही निघालो. पांढऱ्याफटक धुक्यात सुरुवातीला माझं अंग मला सांगत होतं की आपण गोल फिरतोय. मी त्याकडे लक्ष दिलं नाही, तेच तर शिकलो होतो. बऱ्याच वेळाने आगगाडीची शिट्टी ऐकू आली. रूळ आमच्या डाव्या अंगाला असायला हवे होते, आणि शिट्टी आली पाठीमागून.

"दाजी," मी ओरडलो, "गाडी मागं वाजली."

"कानावर जाऊ नको," आडोशापलीकडून त्यांचा आवाज आला. शांत आवाज. "मी काट्यावर हाय."

मी पुन्हा बोललो नाही. तेव्हा तरी कोयता आठवायला हवा होता. नाही आठवला. मी आज्ञाधारक शिष्यासारखा उभा राहिलो, आणि थोडा वेळ स्वतःचं कौतुकही वाटलं की बघा, मी कानाला भुललो नाही.

मग मचव्याचं बूड चिखलाला लागलं. दाजींनी आणि मी रेटून पाहिलं, पण ओहोटी जोरात होती. बघता बघता पाणी सरकलं आणि आम्ही चिखलात बसलो. दोन्ही बाजूंना खारफुटी. मुख्य खाडीत असलं काही नसतं. आम्ही भिवंडीच्या अंगाच्या कुठल्यातरी आंधळ्या फाट्यात शिरलो होतो, आणि आता भरती परत येईपर्यंत सुटका नव्हती.

बहिणीचं बाळ तिथेच झालं. आईने एकटीने केलं सगळं. मुलगा होता. आई त्याला पायांनी धरून थोपटत राहिली, तोंडात फुंकत राहिली. तो रडला नाही.

धुकं वितळलं तेव्हा पारसिकचा डोंगर दिसला, जिथे दिसायला नको होता तिथे. दाजी मांडीभर चिखलात उतरून मचव्याला खांदा लावत होते. एकटे. काही उपयोग नव्हता, पण लावत होते. आई म्हणाली, गोधड्या भिजल्यात, त्या काढ. मी ओढल्या आणि कोयता हाती आला.

मी तो उचलला. होक्याची तबकडी माझ्या डोळ्यांदेखत हलली, डुलली, आणि भलतीकडे जाऊन थांबली. भलतीकडे कसली, खऱ्या जागी.

त्याच क्षणी हाक मारायची होती. "दाजी, हे बघा," एवढे तीन शब्द. मी आईकडे पाहिलं, ती मेलेल्या बाळाला पुसत होती, तिला होक्यातलं काय कळणार. बहीण डोळे मिटून पडली होती. मी कोयता नेऊन पार पुढे, नांगराच्या दोरखंडाखाली ठेवला.

दाजी वर आले. चिखलाचे हात धुतलेसुद्धा नाहीत, थेट पेटीपुढे बसले. एकदा डोंगराकडे बघायचे, एकदा तबकडीकडे. किती तरी वेळ. मग म्हणाले, "होका तर बरोबर हाय."

त्यांनी पुन्हा एकदा डोंगराकडे पाहिलं.

"म्हंजे मीच चुकलो," ते म्हणाले. "मीच वाचला चुकीचा."

माझ्यापासून दोन हातांवर बसून ते हे बोलले, आणि मी खाली मान घालून गोधडी पिळत राहिलो.

बहीण वाचली. त्या दिवसानंतर दाजींनी सुकाणूला हात लावला नाही. होका कोणा खलाशाला देऊन टाकला. जहाजं पाहिलेला तो माणूस आमच्याच मिठागरात फळीने मीठ ओढत राहिला. गावाने त्यांचं नाव 'होकेवाले' ठेवलं, आणि आई तर मरेपर्यंत म्हणत राहिली की त्याच्या हट्टापायी पोर गेलं. मी ऐकत बसायचो. बहिणीने तोंडाने फक्त एकदाच म्हटलं, "घरात असते तर निदान चुलीपुढं झालं असतं," आणि दाजी ताटावरून उठून गेले. नंतर त्यांना एक मुलगी झाली, संसार झाला, पण मी कधी त्या दोघांना एकत्र हसताना पाहिलं नाही. मी चार बुकं शिकलो, ठाण्याला कचेरीत चिकटलो आणि गावाला जाणं कमी केलं. लोक म्हणायचे, मोठा साहेब झाला. साहेब कसला, तोंड लपवत होतो.

सांगायचं राहून गेलं असं नाही. दर दिवाळीला ठरवून जायचो. दाजी पुढे येऊन माझी पिशवी घ्यायचे, पाणी द्यायचे, "बस, पाय धू," म्हणायचे, आणि मी बसायचो, पाय धुवायचो, निघून यायचो.

बहीण गेली तेव्हा आम्ही दोघंही पिकलेलो. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दाजी मला बांधावर घेऊन गेले. वाफ्यांत पाणी घेतलेलं होतं. मला वाटलं, आता सांगतो. खरंच वाटलं, तोंड उघडलंसुद्धा होतं.

"जायच्या आदल्या दिवशी मी तिचे पाय धरले," दाजी म्हणाले. "बोललो, त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली, तुझं लेकरू गेलं, मला माफ कर. ती बोलली, केलं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा मोकळा होता. इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

"तू तिचा भाऊ," ते म्हणाले. "तूपन त्या मचव्यात होतास. तू कधी एक शब्द बोलला नायस मला, हे मी इसरलो नाय. पन आज इचारतो. तू मला माफ केलंस का?"

त्यांनी दोन्ही हात जोडले होते, माझ्यापुढे.

मी म्हणालो, "केलं, दाजी."