दौऱ्यासाठी मोकळी केलेली खाट

माझे बाबा पंचायत समितीत मोठे बाबू होते. हेडक्लार्कला आमच्याकडे मोठे बाबू म्हणतात. त्यांच्या नोकरीतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर दौरे. वर्ध्याहून नाहीतर नागपूरहून कोणी साहेब यायचा असला की घरात त्याच्याशिवाय दुसरा विषय नसायचा. रस्त्याच्या कडेला चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा, शाळेतून मागवलेल्या खुर्च्या, दुसऱ्या ऑफिसातून उसना आणलेला कूलर, साहेब चहा बिनसाखरेचा घेतो की कसा याचा शोध. एकदा साहेब वृक्षारोपण बघायला येणार आणि रोपं तर केव्हाचीच वाळून गेलेली. बाबांनी कडुनिंबाच्या हिरव्या फांद्या तोडून खड्ड्याखड्ड्यांत रोवल्या. साहेबाने गाडीतूनच हिरवळ बघितली आणि खूश होऊन गेला. बाबा हा किस्सा जेवताना इतके रंगात येऊन सांगत की आई तव्यावरची पोळी विसरायची. आम्ही पोट धरून हसायचो.

रिटायर झाल्यावर त्यांना दम्याने धरलं. मी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत राहते, तिथून जवळच्याच शाळेत शिकवते. आई गेल्यावर मी त्यांना किती वेळा म्हटलं, माझ्याकडे चला. पण त्यांना गाव सुटत नव्हतं. त्या हिवाळ्यात दम जास्तच लागला, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं आणि मला फोन केला. मी शाळेत सुटी टाकून गेले.

दवाखाना वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. डॉक्टर तरुण होता, विचारलं तर नीट उत्तर द्यायचा. बाबांना ऑक्सिजन लावला होता आणि ते हळूहळू सुधारत होते. वर्ध्याला न्यायची गरज पडणार नाही असं डॉक्टर म्हणाला होता. नाकातली नळी काढली की मात्र ते लगेच घाबरे व्हायचे. कोरोनात तिथल्या भिंतीला ऑक्सिजनची पाइपलाइन बसवलेली होती, प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक चकचकीत तोटी. पण पुरुषांच्या वॉर्डात त्यातली एकच चालू होती, खिडकीजवळच्या खाटेची. ती खाट बाबांना मिळाली म्हणून मी देवाचे आभार मानले होते.

मग वरून तपासणीची टीम येणार असल्याचं कळलं आणि दवाखान्याचं लग्नघर झालं. भिंतींना रंग लागला. दम्याच्या माणसाच्या उशाशी ऑइलपेंट! त्या वासाने अख्खा वॉर्ड खोकत होता. जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेल्या पेशंटना सुटी मिळाली, त्यातल्या काहींना धड उभंही राहता येत नव्हतं. मी चिडचिड करत होते आणि बाबांच्या अंगात मात्र जुना बाबू संचारला होता. खाटेवरूनच ते अटेंडंटला सांगत होते की गुच्छ पाण्यात ठेवजो, उन्हात सुकून जाईल. बोलताना त्यांना धाप लागायची, तरी डोळ्यांत चमक होती. आई गेल्यापासून मी ती बघितली नव्हती.

टीम येणार त्या सकाळी वॉर्डातली सिस्टर माझ्याजवळ आली. कंत्राटावरची होती, स्वभावाने चांगली. बाबांना ‘काका’ म्हणायची आणि त्यांचं सगळं प्रेमाने करायची. ती खाली बघून म्हणाली, “ताई, काकांले थोडा वेळ ड्रेसिंगच्या खोलीत न्या लागते. हे एकच तोटी चालू हाय. टीमले ऑक्सिजन सुरू करून दाखवा लागते, अन् खाट मोकळी पाहिजे. सोबत सिलिंडर देतो ना.”

“ऑक्सिजन आहे हे दाखवायला ऑक्सिजनवरचा माणूस उठवायचा?” मी विचारलं. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला होता. तपासणीत वॉर्डाचे गुण कमी पडले तर सिस्टरचं कंत्राट पुढे चालू राहील की नाही, हे तिलाच माहीत नव्हतं. मी डॉक्टरकडे जायला निघाले, तेवढ्यात बाबांनी स्वतःच नळी काढली आणि पाय खाली सोडले.

“काऊन अडवून राह्यली बाई तिले?” ते म्हणाले. “दौरा हाय. मी काय आज पाहून राह्यलो का दौरा? घंटाभराचं काम असते. होऊन जाऊ दे.”

माझ्या खांद्यावर भार देऊन ते चालत गेले. जाताना मागे वळून चादरीची सुरकुती काढायला सांगायला विसरले नाहीत.

ड्रेसिंगच्या खोलीत, दाखवण्याजोगं नव्हतं ते सगळं कोंबलेलं होतं. मोडकी व्हीलचेअर, गंजलेले सलाइनचे स्टँड, फाटक्या गाद्या आणि आम्ही. बाबा टेबलाला टेकून बसले. शेजारी लहान सिलिंडर. टीमला उशीर होत होता आणि मी सारखी दाराशी जाऊन बघत होते. बाबा माझी समजूत काढत होते की उशीर झाला म्हणजे साहेब कुठेतरी जेवायला थांबला असेल, आणि जेवलेला साहेब फार चुका काढत नाही. हे त्यांनी तुटक तुटक, श्वास घेत घेत सांगितलं.

सिलिंडर संपत आल्याचं मला त्यांच्या निळ्या पडलेल्या ओठांवरून कळलं, काट्याकडे मी नंतर बघितलं. मी धावत बाहेर गेले तर वऱ्हांड्यात चिटपाखरू नाही. सगळा दवाखाना गेटवर इस्त्रीच्या कपड्यांत रांगेत उभा होता आणि गाड्या नुकत्याच आत शिरत होत्या. मी रांग मोडून पुढे गेले. गाडीतून उतरलेल्या साहेबांना सांगितलं की माझ्या वडिलांचा ऑक्सिजन संपला आहे. त्यांनी माझं ऐकून घेतलं, नाही असं नाही. डॉक्टरकडे वळून “बघा जरा,” म्हणाले आणि गुच्छ घ्यायला पुढे झाले. डॉक्टरने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर हातातलं कुंकवाचं ताट तिथेच पायरीवर ठेवून माझ्यासोबत पळाली.

बाबांना बघताच ती म्हणाली, काकांना परत खाटेवर नेऊ, जे व्हायचं ते होऊ दे. मी त्यांच्या काखेत हात घातला. बाबांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि मान हलवली. बोलता येत नव्हतं, तरी हाताने दाखवलं, थांबा. बायकांच्या वॉर्डातून टीमचे आवाज येत होते, त्यांच्यानंतर पुरुषांचाच वॉर्ड होता. मी ओढलं, ते उठले नाहीत. इतकी ताकद त्यांच्यात कुठून आली, मला अजून कळत नाही. सिस्टर दुसऱ्या सिलिंडरसाठी पळाली. स्टोअरची किल्ली फार्मासिस्टच्या खिशात आणि फार्मासिस्ट साहेबांच्या मागे. नवीन सिलिंडर आला तोवर बाबांची मान माझ्या हातावर कलंडली होती.

मग गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला. अटेंडंट दारात येऊन म्हणाला, “गेले.” बायकांचा वॉर्ड आणि बाळंतपणाची खोली बघितली, चहा घेतला, आणि पुढच्या ठिकाणी उशीर होतो म्हणून निघाले. पुरुषांच्या वॉर्डाकडे कोणी फिरकलं नाही. आम्ही बाबांना ट्रॉलीवरून परत नेलं तेव्हा खाट जशीच्या तशी होती, चादरीवर बोटाची खूणसुद्धा नव्हती. सिस्टर तिथेच तोंडाला रुमाल लावून रडायला लागली. तोटी सुरू केली, इंजेक्शनं दिली, पण बाबा काही शुद्धीवर येईनात. शेवटी डॉक्टरने त्यांना वर्ध्याला पाठवलं. ते वर्ध्याला पोचले नाहीत.

मृत्यूचा दाखला आणायला मी परत त्या दवाखान्यात गेले. तेव्हा सिस्टरने सांगितलं की तपासणीत गुण चांगले पडले. पुरुषांच्या वॉर्डालाही पडले, बायकांच्या वॉर्डासारखाच आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला. साहेबांचा, डॉक्टरचा, भिंतीवरच्या त्या रंगाचा. सगळ्यात जास्त राग आला तो बाबांचा. जन्मभर दुसऱ्यांचे दौरे सांभाळले, ते सांभाळता सांभाळता स्वतःचा श्वास देऊन बसले. हा राग मी कोणाजवळ काढायचा? गावात भेटायला येणारा प्रत्येक जण सांगत होता, मोठे बाबू फार शिस्तीचे होते.

वर्ध्याला नेताना ॲम्ब्युलन्समध्ये ते मध्येच शुद्धीवर आले होते. मला वाटलं पाणी मागतील, किंवा आईचं काही बोलतील. त्यांनी मास्क थोडा बाजूला केला. मी कान जवळ नेला.

“साहेबानं पाह्यली का खाट?”

“हो बाबा,” मी म्हणाले. “पाह्यली. चांगली ठेवली म्हणाले.”

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. “मंग झालं,” म्हणाले.