आबांच्या फेट्यावरचा पतंग

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या एका रविवारी, नंदुरबारच्या एका घरात माझ्या काकांच्या फेट्यावर एक पतंग बसला आणि त्यामुळे माझं लग्न ठरलं. घर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं होतं. पतंगही त्यांनीच पाळलेला. सबंध खानदेशात त्यांच्यासारखा दुसरा माणूस झाला नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. झाला असता तर त्याच्या बायकोची ओरड तापीच्या दोन्ही काठांवर ऐकू आली असती.

सासरे रेल्वेत, मालधक्क्यावर कारकून होते. सातपुड्यातलं लाकूड आणि तापीकाठचे केळीचे घड त्यांच्या डोळ्यांसमोरून मालगाडीच्या वाघिणींत चढत. बाकीचे कारकून मालाचं वजन बघत. सासरे मालात कोण राहतं ते बघत. सागाच्या ओंडक्याला कान लावून ते उभे राहिले की हमाल बिड्या पेटवून खाली बसत. "सायेब, चढाडू का?" असं कुणी विचारलंच तर ते बोट ओठांवर ठेवून म्हणत, "थांब रे, मझार कोनी तरी शे." आत भुंगेऱ्याची अळी लाकूड कुरतडत असे. सुरत-भुसावळ मार्गावरचे गार्ड त्यांना ओळखत. कुणी काड्यापेटीतून काजवे आणी, कुणी रुमालात बांधून गोम. एका गार्डाने मुंबईहून, ब्रह्मदेशी सागाच्या फळीतून निघालेला, अंगापेक्षा लांब मिशांचा भुंगेरा आणून दिला. त्याला सासऱ्यांनी उसाच्या रसावर पोसलं, आणि तो गेल्यावर एक दिवस रजा काढली. रजेचं कारण त्यांनी खरंच लिहिलं होतं, असं त्यांच्या सोबतच्या कारकुनांनी मला सांगितलं. रजा मंजूर झाली होती.

घरातली रस्त्याकडची खोली या मंडळींची. विंचू माठात, घोणी, म्हणजे जाड गोमी, मातीच्या कुंडीत, सुरवंट चहाच्या खोक्यांत. पेरूच्या डहाळीवर काडीकिडे असत, हुबेहूब काडीसारखे. नव्या माणसाला सासरे डहाळीपुढे बसवत आणि "बघा, सापडतात का," एवढंच म्हणत. तालुक्यातला एक सावकार बराच वेळ बघून शेवटी वैतागला. "मास्तर, हाई तं नुसती काडी शे," असं तो म्हणतो आहे तोच ती काडी त्याच्या बाहीत शिरली. त्या घरी तो पुन्हा आला नाही.

ते मास्तर नव्हते, पण गल्ली त्यांना मास्तर म्हणे, कारण ते प्रत्येकाला काही ना काही शिकवायचे. विंचवीण व्याली आणि पिल्लं तिच्या पाठीवर चढली, तेव्हा त्यांनी गल्लीत गूळ-खोबरं वाटलं. बायकांनी "कोन व्हयनं?" म्हणून विचारलं, मास्तर म्हणाले, "घर या नि दखा." दोघीजणी झबलं-टोपडं घेऊन आल्या. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, माठ दाखवला आणि झबलं ठेवून घेतलं. ते पुढे आमच्या थोरल्या मुलाच्या अंगावर चढलं. रेशमाला मात्र सासरे शिवत नसत. लग्नाकार्यात कुणी रेशमी फेटा पुढे केला तर हात जोडून म्हणत, "एवढे कोश उकळून मी काय शोभणार?" आणि धुतलेला सुती फेटा बांधून मिरवणुकीत सगळ्यात पुढे चालत.

या सगळ्याची किंमत त्यांची मुलगी मोजत होती. वेणू एकुलती एक. तिच्यासाठी आलेली स्थळं एकामागून एक परत गेली होती. एका पाहुण्याच्या जोड्यात घोण निघाली. दुसऱ्यांनी आत पाऊलच टाकलं नाही; दारातून खोक्यांकडे बघितलं आणि मुहूर्ताची अडचण सांगितली. गावोगाव एकच वाक्य फिरत होतं, "पोर चांगली शे, पन घर किडासनं शे." वेणूच्या बरोबरीच्या मुलींची मुलं चालायला लागली होती. आमचं स्थळ रनाळ्याहून आलं, तेव्हा सासूबाईंनी नवऱ्याला तोंडावर सांगितलं की यावेळी घरात सहा पायांचं काही दिसलं तर त्या माहेरी जातील. आठ पायांचंही नाही, हे त्यांनी लगेच वर जोडलं. नवऱ्याला त्या ओळखून होत्या. सासऱ्यांनी शब्द दिला. सगळी मंडळी खोक्या-माठांसकट बैलगाडीतून मालधक्क्यावर गेली. एवढ्यावर सासूबाईंचा विश्वास बसेना. खोलीत एखादा मागे राहिलाच असेल तर निघून जावा, म्हणून आम्ही पोचायच्या थोडं आधी त्यांनी शेगडीवर मूठभर लाल मिरच्या जाळल्या.

तिथे घोटाळा झाला. मी धुळ्याला एका साप्ताहिकात काम करत होतो. वडील नसल्याने माझ्यातर्फे बोलणी आबा, म्हणजे माझे थोरले काका, करणार होते. आबा उंबऱ्याच्या आत आले आणि त्यांना ठसका लागला. मला लागला, मध्यस्थाला लागला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आबांनी फेटा उतरवून खुंटीवर ठेवला, उपरण्याने तोंड पुसलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मिरच्या कोनावरथून उतारी ऱ्हायनात?" मिरच्यांचा धूर म्हणजे दृष्ट काढलेली, दृष्ट काढली म्हणजे मुलीला काही बाधा असणार. आतल्या दाराशी वेणूच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

सासऱ्यांनी एक सोयीचं खोटं सांगितलं असतं तर भागलं असतं. ते त्यांना जमत नसे. त्यांनी सगळं सांगितलं: विंचू, घोणी, सुरवंट, मालधक्का, बैलगाडी. आबा ऐकत गेले. ऐकून झाल्यावर उठले.

"चाल रे भाऊ," मला म्हणाले, "आपली पोरे आठे येवाव शेतस सुट्टीमा. जोडामा गोम निंघी तं कोन जबाबदार?"

त्यांनी खुंटीकडे हात नेला आणि सासरे ओरडले, "आबा, हात नका लावा!"

खुंटीच्या फळीला एक वाळकं पान चिकटलेलं होतं. ते पान नव्हतं, पानात गुंडाळलेला कोश होता. सातपुड्यातल्या मोलगीच्या बाजारातून सासऱ्यांनी आणलेला. आवराआवरीत सगळ्यांनी त्याला पानच समजलं होतं. आम्ही ठसकत असताना तो फुटला होता. आतून निघालेली मादी ओल्या कापसासारखी दिसत होती. लटकायला जागा शोधत ती चढली ती सरळ आबांच्या फेट्यावर.

"हाई काय शे?" आबा म्हणाले.

"पतंग शे. तेना पंख वल्ला शेतस. आते हलावा तं जलमभर वाकडा ऱ्हातीन."

"मन्हा फेटा शे तो!"

"शे ना. पन घडीभर तिना शे."

आबा आता पेचात सापडले. उघड्या डोक्याने नंदुरबारच्या रस्त्यात निघावं तर भेटेल तो विचारणार, कोण गेलं? मी माझी टोपी पुढे केली. आबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. सासऱ्यांनी त्यांचा स्वतःचा फेटा आणला. तो तर घेताच येईना, कारण मुलीच्या बापाच्या हातून फेटा बांधून घेतला की सोयरीक झाली. आबा चडफडत पुन्हा बसले. "कितला येळ लागी?"

उत्तर सासरे देणार होते, पण ते पतंगाजवळ तोंड नेऊन उभे होते. त्यांना आमचा विसर पडला होता. मग वेणूच बाहेर आली. तिने आधी खिडकी लावली, वारा लागू नये म्हणून, आणि मग आबांच्या पाया पडली.

"चहा होई तवलोंग पंख उघडतीन," ती म्हणाली. "वाळाले आजून थोडा येळ लागी."

चहा झाला. पंख उघडले. फिकट हिरवे, तळहाताएवढे, मागे दोन लांब शेपट्या, पंखांवर चंद्रकोरीसारखे ठिपके. आबांनी शेतात उभा जन्म काढला होता. असलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज खाली आला.

"हाई काय खास? पाला?"

"काहीच नही," वेणू म्हणाली. "तिले तोंडच नही, आबा."

"तोंड नही? मंग जगस कशी?"

"थोडाच दिन ऱ्हास. अंडा देस नि मरी जास."

आबांनी मान हलवली. "तोंड नसनारी बाई! मन्ही बायकोले दखाडाले जोयजे."

"दखाडा," वेणू म्हणाली, "पन ती भाकर बी थापस नही, आबा."

मग आबा हसायला लागले. हसताना त्यांना पुन्हा मिरचीचा ठसका लागला, आणि सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन पळत आल्या. पाणी पिऊन झाल्यावर आबांनी सासऱ्यांना हाक मारली, "व्याही, आना तुमना फेटा. मन्हा ऱ्हाऊ द्या तिले."

फेटा बांधताना सासऱ्यांचं लक्ष पतंगाकडे होतं. त्यांनी तो इतका वाईट बांधला की आबांना गावाबाहेर पडल्यावर तो सोडून पुन्हा बांधावा लागला.

माघात लग्न झालं. त्यानंतरच्या वर्षांत जे काही चांगलं माझ्या वाट्याला आलं, ते त्या खोलीतून आलं. त्याबद्दल सासऱ्यांचे आभार मी मानले तेव्हा त्यांनी मला पतंगाचं आयुष्य समजावून सांगितलं होतं.

लग्न ठरलं त्या संध्याकाळी सासऱ्यांनी बायकोने न मागताच तिला आणखी एक शब्द दिला होता, हे मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कळलं. वेणू पहिल्यांदा माहेरी आली, मी तिला पोचवायला गेलो. रस्त्याकडची खोली चुन्याने पांढरी केलेली होती. माठ, कुंड्या, खोकी, काही नाही. मालधक्क्यावरून मंडळी परत आलीच नव्हती. सासऱ्यांनी ती एकेक करून झाडांवर, दगडांखाली सोडली होती. जावई पुन्हा आला तर त्याच्या जोड्यात काही निघू नये, असं त्यांचं म्हणणं. त्या मोकळ्या खोलीत ते खिडकीशी बसून होते. वेणू त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

सासूबाईंनी मला ओसरीवर बोलावलं. "जावाईबुवा, तुम्हीच सांगा त्यांना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चार तरी ठेवा म्हणावं. घर खायला उठतं."

मी सांगितलं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या सासूबाईंकडे. त्या म्हणाल्या, "घोण नको. बाकी बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला, आणि सासरे मोलगीच्या बाजाराला गेले.