अब्बांनी लावलेली धार

बर्फावरची हॉकी सोडून मला आता बरीच वर्षं झाली. कुणी विचारलं तर मी गुडघ्याचं कारण देते. गुडघा दुखायचा हे खरं आहे, पण तो आधीही दुखतच होता आणि मी खेळतच होते.

शिवऱ्यासारख्या गावातल्या मुलीला बर्फ कुठून भेटला, असंही लोक विचारतात. इंग्रजी शाळेसाठी मला पुण्याला खालाकडे, आईच्या बहिणीकडे, ठेवलं होतं. शाळेमागे सिमेंटचं रिंक होतं. तिथे चाकांच्या स्केट्सवर हॉकी शिकले. पुढे आमच्यातल्या काही जणींना दर जानेवारीत उत्तरेकडच्या डोंगरांत बर्फावरच्या स्पर्धांना नेऊ लागले. उरलेलं वर्ष मी त्याच खेळावर पोट भरत होते. सकाळी एका सोसायटीत, संध्याकाळी दुसरीत, लहान मुलांना स्केटिंग शिकवायचं. सगळा वेळ वाकून कुणाच्या तरी लेस बांधायच्या. रविवारी एसटीने घरी यायचं आणि झोपायचं.

शेवटच्या वर्षी मला जायचंच नव्हतं. हे मी कुणालाच बोलले नव्हते, कारण अब्बा. हायवेच्या कडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. नांगराचे फाळ, ट्रॉलीचे जोड, आणि कोपऱ्यात विजेवर फिरणारं धार लावायचं चाक. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, माझी पोरगी बर्फावर खेळते. मी मागे बसून ऐकू न आल्यासारखं करायचे.

वेल्ह्याकडचे एक आजोबा दर वेळी म्हणायचे, "बर्फावर? आन् पाय घसारला म्हंजी?"

"घसरायचाच असतो, बाबा," अब्बा सांगायचे. "त्यालाच खेळ म्हणतात."

"मंग पावसाळ्यात बांधावर आमी लई खेळतो की."

निघायच्या आदल्या दिवशी मी भोरला गरम कपडे आणायला गेले. बॅग दुकानातच ठेवली होती. परत आले तर अब्बा दारातच उभे.

"हात लावू नकोस, बोट कापेल. पार गंजली होती. लाइट जायच्या आत उरकलं."

त्यांनी माझ्या स्केट्सना धार लावली होती. मनगटावरचे केस पात्यावर भादरून दाखवले.

स्केटचं पातं विळ्यासारखं नसतं. खालून त्याला लांबलचक बारीक नाली असते आणि नालीच्या दोन बाजूंना दोन कडा. त्या कडांवरच माणूस वळतो, थांबतो. अब्बांनी नाली घासून काढली होती आणि दोन्हीकडून उतार देत मधोमध एकच धार आणली होती, ऊसतोडीच्या कोयत्याला आणतात तशी. काम फार सुबक होतं.

"कशी झालीय?"

"छान झालीय, अब्बा."

तिकडे पोचल्यावर कोचनी पातं उजेडात धरलं. "हे कुणी केलं?" मी म्हटलं, झालं चुकून. त्यांनी हातातल्या छोट्या दगडानं जरा घासून बघितलं आणि मान हलवली. नाली परत येणार नव्हती.

ऊन आलं की बर्फ ओला होतो, म्हणून सामने भल्या सकाळी. मी सरळ गेले तोवर ठीक होतं. पहिल्याच वळणाला पाय बाजूला निसटले आणि कडेच्या भुसभुशीत ढिगाऱ्यात मी कमरेपर्यंत गेले.

"ताई, ब्रेक घरी राहिला का?" एक ज्युनिअर ओरडली. सगळ्या हसल्या, मीही. आणखी दोनदा तेच झाल्यावर कोचनी बसायची खूण केली. माझ्या मापाचा दुसरा जोड कुणाकडेच नव्हता.

मी बाकावर बसले आणि वाईट वाटायची वाट बघत राहिले. ते वाटेना. कुणीतरी खांद्यावर घोंगडी टाकली. मुली समोरून धापा टाकत जात होत्या, आणि मला एवढंच कळत होतं की मला उठायचं नाही. सगळे सामने मी तिथूनच पाहिले.

परतीच्या गाडीत मात्र मी हिशेब मांडत बसले. सोडते म्हणाले तर अब्बा कारण विचारणार, खोदून विचारणार, आणि पात्याचं कळलं तर आपल्या हातानं पोरीचा खेळ संपला असं धरून बसणार. काहीच सांगितलं नाही, तर पुढच्या जानेवारीत पुन्हा हीच गाडी.

दुकानात पोचले तेव्हा चाक फिरत होतं. एक म्हातारी विळा घेऊन थांबली होती. अब्बांनी आधी माझी बॅग उघडली आणि पात्यावरून अंगठा फिरवला.

"गेली की थोडी. पुढच्या वर्षी याहून पातळ काढतो."

"पुढच्या वर्षी मी जाणार नाही."

"काय?"

चाकाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नव्हतं. त्या दुकानात मी कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हा चढवावा लागला. "मी आता खेळणार नाही, अब्बा!"

रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंही वळून पाहिलं.

"का? धारेचं काही झालं का?"

"धार चांगली होती. मीच दमलेय."

"या वयात?"

"दमली म्हनती तर दमली आसंल की वो भाई," म्हातारी म्हणाली. "तिचं त्वांड तरी बगा. आन् माझा इळा घ्या आदी, मला यष्टी गाठायचीय."

अब्बांनी विळा घेतला. ठिणग्यांकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही. चिडलेत की काय ते मला कळेना. मी मागच्या पोत्यांवर जाऊन बसले. तो कर्कश आवाज लहानपणापासून ओळखीचा. त्यातच कधीतरी डोळा लागला.

जागी झाले तेव्हा चाक बंद होतं. लाइट गेली असेल असं वाटलं, पण डोक्यावर पंखा फिरत होता. अब्बा बाहेर उन्हात उभे होते. कोयते घेऊन आलेल्या एका माणसाला त्यांनी दाराशीच अडवलं होतं आणि हळू आवाजात सांगत होते, "उद्या या. आत पोरगी झोपलीय."