चांदणी मावळेपर्यंत

शुक्राची चांदणी मी एका वर्षासाठी लेखी कराराने घेतली होती. अडीच महिन्यांत ती गायब झाली.

माझ्या आयुष्यातला हा एकमेव बुडीत सौदा. (माझी बायको सुनंदा म्हणते, आणखी एक आहे, तो मांडवात झाला आणि त्यात ती बुडाली! तिकडे लक्ष देऊ नये.)

शिरूरला मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. इंजिन दोन मिनिटं ऐकतो, नाक मुरडतो आणि मालकाने चहा मागवायच्या आत किंमत निम्म्यावर आणतो. हे कुणी शिकवलं नाही. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला आठव्या वर्षी शिरूरला मामाकडे ठेवलं आणि धाकट्या रामाला मेंढरांमागे नेलं. रामाला त्यांनी रानोमाळ हिंडवत सगळं आकाश दाखवलं. मला मामाने जॅक आणि पाने दाखवले. पुढे मेंढरं विकली, जवळच निमोण्याला शेती आणि घरं झाली, शेतीच्या वाटण्या झाल्या. जमीन निम्मी-निम्मी मिळाली. आकाश मात्र एकट्या रामाच्या वाट्याला गेलं. तक्रार करत नाही, नुसतं सांगून ठेवतो.

विहीर मात्र सामाईक राहिली. शेतीची लाइट तेव्हा संध्याकाळी सहाला यायची आणि अकराला जायची. थंडीच्या दिवसांत एकदा रामा म्हणाला, "दादा, साडेआठपतूर तू मोटर चालव, म्होरं मी चालवतो."

सरळ हिशोब होता. पण पहिलाच भाव कबूल करणं माझ्या रक्तात नाही. आठ दिवस मी पाहत होतो: दिवस मावळला की पश्चिमेला एक ठळक चांदणी दिसायची आणि सव्वानऊला पलीकडच्या उसामागे बुडायची. घड्याळ लावून पाहिलं होतं! म्हणून मी आवाज जरा हळवा केला.

"रामा, सख्ख्या भावात घड्याळं कसली काढतो? आबा मेंढरांची राखण चांदण्यांवर वाटून देत व्हते. आपून बी तसंच करू. दिवस मावळल्यापासनं चांदणी मावळंपतूर पानी माझं. ती मावळली की तुझं."

रामा म्हणाला, "बरं."

पंचवीस वर्षांच्या धंद्यात मला एका दमात 'बरं' म्हणणारं गिऱ्हाईक भेटलेलं नाही. तिथेच मला घाम फुटायला हवा होता. पण मी कागद काढला! 'एक वर्ष बदल होणार नाही' हे वाक्य मी स्वतः घातलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. आबा खाटेवर तंबाखू मळत होते. साक्षीदार म्हणून अंगठा द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "लेका, इचार केलास न्हवं?"

"आबा, सौदा माझ्यावर सोडा."

"सोडला," आबा म्हणाले आणि अंगठा उमटवला.

त्या पाण्यावर अर्धा एकर झेंडू लागला. तो सुनंदाचा. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. (निदान मला ऐकू येईल असं.) ह्या वेळी म्हणाली, "अर्धा एकर माझ्या हातात द्या. गुढीपाडव्याला माझी फुलं बाजारात गेली पायजेत." रोपं तिने निवडली, लावणी तिने केली. मला काम एकच: पाणी.

पहिला महिना मी राजा होतो. सव्वानऊ वाजेपर्यंत मोटर माझी, आणि रामा बांधावर गुपचूप बसलेला. मग चांदणी नऊला बुडू लागली. मग पावणेनऊला. वर दिवस मोठा होऊ लागला, म्हणजे सूर्य उशिरा मावळणार आणि चांदणी लवकर! दोन्ही बाजूंनी माझी पाळी कातरली जात होती. ट्रॅक्टरच्या धंद्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. इथे धरायची कुणाची?

रामाची!

"त्या उसवाल्याला तू फितवलाय! ऊस तोडत न्हाई म्हनून माझी चांदणी लवकर बुडती!"

"दादा, ऊस कारखान्याच्या टोळीच्या हातात हाय, आन् चांदणी कुनाच्याच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरच्या मोटरच्या खोलीच्या स्लॅबवर चढलो. उंचावरून ती जास्त वेळ दिसेल, हा विचार. दिसलीही! चांगलं एक मिनिट जास्त! खालून सुनंदा ओरडत होती, "अवो, उतरा! लोक बघायल्यात!" मी म्हणालो, "बघू दे! माझी चांदणी, माझा स्लॅब!" (स्लॅब सामाईक होता.)

आठ दिवसांनी ती साडेसातला बुडाली. मी अंगणात रामाला डोक्यावरचा एक ठसठशीत तारा दाखवला. "ही बघ! हिकडं सरकली!"

खाटेवरून आबा म्हणाले, "त्यो गुरू हाय. आन् दक्षिणेला निळा लुकलुकतो त्यो व्याध. शुक्र न्हाई लुकलुकत, त्यो नुसता जळतो. तुझ्यावानी."

आणि मग एका संध्याकाळी ती दिसलीच नाही. दिवस मावळला, मी स्लॅबवर उभा, पलीकडचा ऊस टोळीने तोडून नेलेला, पश्चिमेला आरपार दिसत होतं. पण तिथे काहीच नव्हतं. रामाने खालून शांतपणे विचारलं, "दादा, चालू करू का मोटर?"

करार माझा, अक्षर माझं, दोन रेघाही माझ्याच. मी खाली उतरलो.

त्यानंतर मी झेंडूकडे गेलो नाही. ऊन तापलं होतं. सुनंदा रोज खुरपं घेऊन जायची आणि काही न बोलता परत यायची. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. गप्प बसणाऱ्या माणसाशी मात्र सौदा कसा करायचा, ते मला आजवर जमलेलं नाही.

दहा दिवसांनी, पाडवा तीन दिवसांवर असताना, पहाटे अंगणात आलो तर चांदणी पूर्वेला! तीच! मी कागद घेऊन अनवाणी रामाच्या गोठ्यात धावलो. तो धार काढत होता.

"सापडली! हिकडं लपली व्हती! दे माझं पानी!"

रामाने धार थांबवली नाही. "दादा, आता ती सूर्याच्या आधी उगवती आन् आधीच मावळती. दिवस मावळल्यापासनं ती मावळंपतूर किती येळ झाला, सांग."

मी बोटांवर मोजलं. हिशोब उलटा निघत होता. कागदाप्रमाणे मीच त्याला पाणी देणं लागत होतो!

"परत पश्चिमेला कवा येनार?"

"पुढच्या शिमग्याच्या आसपास."

"तवा करार संपलेला असंल!"

"व्हय."

"तुला आधीच ठावं व्हतं?"

"आबांनी दाखवलं व्हतं, मेंढरांमागं असताना. पन तूच म्हनला ना, सौदा माझ्यावर सोडा."

मी मटकन ओट्यावर बसलो. "सुनंदाचा झेंडू मारला रं मी."

"कुठं मेलाय?" मागून सुनंदाचा आवाज आला. पदराच्या ओटीत झेंडू, टपोरा, दवाने ओला. "भावजी त्यांच्या पाळीत रोज तासभर पानी सोडत्यात. दहा दिस झाले."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कागद काढला असता."

 मी कागद फाडला. त्याचे तुकडे गाईने हुंगले आणि सोडून दिले. तिलाही तो सौदा पटला नसावा.

"मग आता कसं करायचं?" मी विचारलं.

"पयल्यासारखं. साडेआठपतूर तू," रामा म्हणाला.

शपथेवर सांगतो, मी तोंड उघडणार नव्हतो. पण ते आपोआप उघडलं. "नऊ!"

"बरं," रामा म्हणाला.

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. मी एकदा पूर्वेच्या चांदणीकडे पाहिलं, एकदा रामाकडे, आणि त्याचे हात धरले.

"नको रं बाबा! साडेआठच कर!"