हाताशी, पण पुराच्या वर

पोलादपूरहून तासभर चढलं की अकरा उंबऱ्यांची एक वाडी लागते. तिथला हैबती सतराव्या वर्षी मुंबईला गेला. वाडीतली सगळीच पोरं जात, तसाच. चुलत्याच्या खोलीत पथारी टाकली आणि कापडाच्या गिरणीत तेलवाला म्हणून लागला. पुढं गिरणीच्या वायरमनची शिडी धरायला लागला. शिडी धरता धरता वर चढला आणि बारा वर्षांत तारेच्या कामात मुरला. अक्षर त्याला कळत नव्हतं, आकडे कळत. पण तारेचा वास आला की ती कुठं तापलीय ते सांगायचा.

मग कापसाच्या कस्पटानं छाती धरली. डॉक्टर म्हणाला, गावाला जा. हैबती आला तो मनाशी पक्कं करूनच आला, की आता मेलो तरी मुंबई नको. इथं बायको होती, बयाबाई. चार खाचरं भाताची आणि वर डोंगरउतारावरच्या वरकसात नाचणी. इतकी वर्षं ते सगळं तिनं एकटीनं ओढलं होतं.

त्याच सुमाराला महाडात मुरारीशेटनं भाताच्या गिरणीत तेलाच्या इंजिनाला डायनामो जोडला. दिवसा भात भरडायचं, दिवेलागणीला बाजारपेठेला उजेड विकायचा. एकोणीस दुकानांनी दिवे घेतले आणि एकोणिसांचं वायरिंग हैबतीनं केलं. शनिवारी वाडीला जायचा, सोमवारी महाडात यायचा. लावणीचे वीस दिवस शेट त्याला सोडायचा. त्यातच हैबतीचं सगळं सुख होतं.

त्याच्या कामाच्या दोन रीती होत्या. गिरणीतून दुकानात दोन तारा यायच्या, वीज आणणारी ती गरम, परत नेणारी ती थंडी. थंडीचं टोक गिरणीत जमिनीत पुरलेलं. ओढ जास्त झाली की आतली बारीक तार वितळून लाइन तुटावी म्हणून कटाऊट बसवायचं, ते हैबती दोन्ही तारांना बसवी. मुंबईत तसंच शिकला होता. दुसरी रीत मात्र महाडाची. मेन स्विच आणि कटाऊट तो माळ्यावर, पार आढ्याखाली ठोकायचा. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत किती चढतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. भिंतीभिंतीवर गाळाची रेघ होती.

सदतीस सालानंतरची गोष्ट. सरकारची नियमांची नवी चोपडी निघाली आणि फाल्गुनात एक तपासनीस महाडात उतरला. पुण्याकडचा, चष्मेवाला, हातात मापाची फीत. एकोणीस दुकानं त्यानं दोन दिवसांत पालथी घातली आणि गिरणीत येऊन शेटसमोर बसला. हैबती दाराशी उभा.

"मिस्त्री, काम स्वच्छ आहे तुमचं," तपासनीस म्हणाला. "पण दोन गोष्टी चालणार नाहीत. थंड तारेवर आता कटाऊट ठेवायचं नाही. आणि मेन स्विच हाताशी पाहिजे. आग लागली तर माणूस शिडी शोधत बसेल का?"

"मुंबैत दोन्हीला लावत्यात साहेब."

"लावत होते. समजा थंड तारेवरचं कटाऊट उडालं आणि गरमवरचं राहिलं. काय होईल?"

"दिवा विझंल."

"आणि तार?"

हैबतीला एक जुनी गोष्ट आठवली.

तीन वर्षांमागं पेठेतल्या चंद्राबाईच्या खानावळीत दिवा गेला होता. दिवा विझलाय म्हणजे तार मेलीय, या हिशेबानं मेन न ओढताच हैबती स्टुलावर चढला. एक हात ओल्या भिंतीला, दुसरा दिव्याच्या टोपीत. जो उडाला तो थेट पिठाच्या परातीत. चंद्राबाईनं मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या आणि गावभर सांगितलं, की माझ्या खानावळीत काहीतरी हाय, पण गिऱ्हाइकाला करीत नाय, फकस्त तारवाल्याला करतं. हैबतीला मात्र ते कोडं सुटलंच नव्हतं. विझल्या दिव्यातून झटका आला कुठनं?

"म्हंजी गरम तार तशीच दिव्यापत्तुर जित्ती," तो हळूच म्हणाला.

"बरोबर. आणि तुम्ही मेली समजून हात घालणार."

"घातला व्हता, साहेब."

एकोणीस जागची थंडीवरची कटाऊटं काढायला त्यानं तिथल्या तिथं होकार दिला. पण स्विच खाली आणायचं निघालं तसा अडला.

"हाताशी म्हंजी छातीइतकं. डोक्यावर पानी येतंया पेठंत. स्विच बुडल."

"सबंध इलाख्याला नियम एकच आहे, मिस्त्री. मे अखेरीस मी परत येईन. काम नियमात बसलं तर तुम्हाला परवाना देतो. यापुढं परवान्याशिवाय कुणाला तारेला हात लावता येणार नाही."

तपासनीस गेल्यावर शेट म्हणाला, "हैबती, साहेब म्हणतो तसं कर. खाली घे सगळं."

"आनि आषाढात?"

"आषाढाचं आषाढात बघू. तुला जमत नसेल तर सांग. मुंबईचा एक परवानेवाला आहे माझ्या ओळखीचा, यायला तयार आहे."

मग आपलं काय होणार, हे हैबतीला विचारावं लागलं नाही. चार खाचरांवर भागत नव्हतं, तारेवाचून त्याला दुसरं काम येत नव्हतं, आणि तारेचं काम महाडाबाहेर थेट मुंबईलाच.

शनिवारी त्यानं बयाबाईला सांगितलं. ती शेणाच्या गोवऱ्या थापत होती.

"मंग ठोका की खाली. तुमचं काय जातंय?"

"पुरात बुडलं की कुनी तरी चिकटंल गो."

"तुमी दुनियेची काळजी करा. मी एकलीनं बारा सालं लावणी केली, तवा न्हाय कुनी आलं इचारायला." थापलेली गोवरी तिनं परत थापली. "मुंबैला मात्र आता जायचं न्हाय. सांगून ठेवते."

चैत्रभर हैबतीनं थंडीवरची कटाऊटं काढली. स्विच मात्र वरच. शेट दोनदा विचारून गेला, दोन्ही वेळा हैबती म्हणाला, "करतो." पण करायचं काय, ते त्याला दिसत नव्हतं. स्विच खाली आला तर पाणी, वर राहिला तर परवाना नाही.

ते त्याला चंद्राबाईच्या खानावळीतच दिसलं. बाई ठेंगणी, जेमतेम चुलीच्या वर दिसायची. माळ्यावरचं तांदळाचं पिंप काढायला तिनं भिंतीशी दगडाचा जोता बांधून घेतला होता, चार पायऱ्यांचा. भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी कुणीही उचलून नेतं, जोता कोण नेणार? ती भराभर चढली, तांदूळ काढला, उतरली.

हैबती बघत राहिला.

"काय बघतोस रे मेल्या? चढायचं नाय काय बाईमानसानं?"

"चंद्राबाय, परत चढ."

"आँ?"

"चढ गो. हात वर कर. आता खाली कर. आता म्होरं."

"येडा झाला हा," बाई गिऱ्हाइकांना म्हणाली, पण चढली.

स्विच खाली आणायचा नव्हता, माणूस वर न्यायचा होता. वैशाखात हैबतीनं एकोणीस दुकानांत हिंडून पायऱ्या बांधायला सांगितल्या. सावित्रीत दगडगोट्यांना तोटा नव्हता. काहींनी बांधल्या, काहींनी शिव्या घातल्या. कापडवाला म्हणाला, "दिवा लावून घेतला का देऊळ बांधून घेतलं?" महिनाअखेर चौदा ठिकाणी जोते उभे राहिले. त्यांवर छातीच्या उंचीला, गाळाच्या रेघेच्या हातभर वर, हैबतीनं स्विच आणि गरम तारेचं कटाऊट बसवलं. उरलेले पाच जण पायऱ्यांना तयार नव्हते. त्यांच्या दिव्यांच्या तारा त्यानं स्वतः तोडल्या.

"कुणाला विचारून?" शेट ओरडला.

"चोपडीला," हैबती म्हणाला.

ठरल्याप्रमाणं तपासनीस आला. खानावळीत शिरताच त्यानं फीत सोडली आणि जमिनीपासून मापून मान हलवली. "मिस्त्री, हे साडेआठ फूट आहे. मी काय सांगितलं होतं?"

"साहेब, एक डाव ती रेघ मापा."

तपासनीसानं गाळाची रेघ मापली. सव्वासात फूट भरली. दोन वेळा मापली. मग रेघेला खेटून उभा राहून त्यानं हात वर केला. बोटांची टोकंच तेवढी तिच्यावर गेली.

"हे केव्हाचं?"

"मागच्या सालचं," चंद्राबाई मधेच म्हणाली. "त्याच्या आदलं जरा खाली व्हतं. ती रेघ ह्या पान्यात धुवून गेली."

तपासनीसानं फीत गुंडाळली. मग बाईला म्हणाला, "आजी, समजा तारेनं पेट घेतला. बंद करून दाखवा बघू."

"आजी कोन रे? माझा लेक तुझ्याएवढा न्हाय." पण हातातला डाव तसाच धरून ती चार पायऱ्या चढली, डाव्या हातानं दांडा ओढला, उतरली आणि आमटी ढवळायला गेली. साहेबानं खिशातलं घड्याळ काढेस्तोवर सगळं झालं होतं.

त्यानं चोपडी उघडून बराच वेळ पानं चाळली. नियमात हाताशी असं होतं. जमिनीवर उभं राहून, असं कुठं नव्हतं. चौदाच्या चौदा दुकानं त्यानं बघितली, दोन ठिकाणी पायरी हलत होती ती पक्की करायला लावली आणि संध्याकाळी गिरणीत बसून परवाना लिहिला. शेटनं तो मोठ्यानं वाचला. नाव, गाव, काम. शेवटी एक ओळ जास्तीची होती. महाड पेठेस पुराचा उपद्रव असल्याकारणे परवानाधारकाने ज्येष्ठापासून भाद्रपद अखेरपर्यंत महाडातच राहावे व पाणी चढताच गिरणीतून लाइन बंद करावी.

"साहेब, लावणी हाय माझी," हैबती म्हणाला.

"पूर लावणीतच येतो ना?"

"व्हय."

"मग?"

हैबतीनं शाईची डबी पुढं ओढली. त्यानं अंगठा उठवला. कागद चार घड्या करून बंडीच्या आतल्या खिशात घातला.

शनिवारी बयाबाईनं सगळं ऐकून घेतलं. कागद उघडायला लावला, उलटासुलटा बघितला, परत दिला.

"म्हंजी मुंबै टळली."

"टळली."

"आनि लावणी माझीच."

"वीस दिसांचं काय ते. कुशाबाला सांगतो, दोन बैल घेऊन ईल."

कुशाबा तिचा भाऊ.

"कुशाबाला माझा मी सांगंन," ती म्हणाली आणि बियाण्याचं भात वाऱ्यावर धरायला अंगणात गेली.

त्या साली पेठेत दोनदा पाणी आलं. दोन्ही वेळा हैबती गिरणीत होता आणि दोन्ही वेळा लाइन त्यानं वेळेवर बंद केली. स्विच एकही बुडला नाही. पुढल्या साली ते पाच जणही पायऱ्या बांधून आले. हैबतीनं तारेचं काम आणखी अकरा वर्षं केलं. तेवढ्या सालांत लावणीच्या चिखलात त्याचा पाय एकदाही पडला नाही.