लहरी बाळांची खोली

ईईजीची पेस्ट एकदा हाताला लागली की साबणानेही धड जात नाही. नवजात बाळांच्या आयसीयूतले किस्सेही तसेच! मी तिथे टेक्निशियन होते. झटके येणाऱ्या बाळाच्या डोक्याला त्या पेस्टने बारीक तारा चिकटवायच्या आणि त्याच्या मेंदूच्या लहरी कॉम्प्युटरवर बघत बसायचं, हे माझं काम. बाळ गाढ झोपलेलं दिसतं, आणि पडद्यावर झटका चालू असतो! नजर हलवायची सोय नाही.

*

हे मशीन नवं होतं तेव्हाची गोष्ट. एका बाळाचे कोथरूडचे सॉफ्टवेअरवाले बाबा पडद्याकडे बघून आमच्या डॉक्टर मॅडमना म्हणाले, "बग सापडलाय ना? मग सिस्टिम रीस्टार्ट नाही का करता येणार?"

"नाही. म्हणून तर आम्हाला ठेवलंय."

*

एकदा लहरी अचानक एका ठेक्यात नाचायला लागल्या. मी ओरडले, "मॅडम, झटका!" मॅडम धावत आल्या, सिरिंजमध्ये औषध भरलं गेलं. मग त्यांनी बाळाकडे नीट पाहिलं. आमच्या गायकवाड सिस्टर त्याला प्रेमाने थोपटत होत्या.

"सिस्टर, जरा हात थांबवा."

नाच बंद!

"आता हे औषध कुणाला देऊ?"

*

लोणी काळभोरचे एक आजोबा काचेला नाक लावून उभे. "डोस्कं चालू हाय न्हवं?"

"चालू आहे आजोबा, छान चालू आहे."

आजोबांनी शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे एकदा निरखून पाहिलं. "मंग आईवर गेलाय!"

*

शनिवार पेठेतल्या एक आजी. "तो आत्ता काय विचार करतोय, ते दिसतं का हो ह्यात?"

"नाही दिसत, आजी."

"मग एवढ्या तारा लावून उपयोग काय!"

फणकाऱ्याने निघाल्या, दारातून परत आल्या. आवाज एकदम खाली. "तरी त्याला सांगा, आजी बाहेरच बसलीय."

*

आणि ती कॉल सेंटरमधली मुलगी. पहिलंच बाळ. झटके काही आटोक्यात येईनात, त्यामुळे तिला त्याला उचलताही आलं नव्हतं. काचेबाहेर उभी राहायची. रडायचीसुद्धा नाही. अखेर औषध लागू पडलं, पडदा निवळला. मॅडमनी तारांसकट बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. ती नुसती बघतच राहिली.

"अगं, बोल ना त्याच्याशी," सिस्टर म्हणाल्या.

तिने घसा खाकरला. पदर नव्हता, ओढणी सारखी केली. मग अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "हॅलो... मी आई बोलतेय."

मला हसू फुटणार, तेवढ्यात मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

"शू! फोन चालू आहे."