थांबलेल्या लिफ्टमधला वर जाणारा काटा

आम्हा दोघा भावांत मिळून एक विमान आहे आणि त्याला इंजिन नाही. ग्लायडर म्हणतात त्याला. दोरीने ओढून वर सोडायचं आणि उन्हाने तापून चढणारी हवा शोधत तरंगायचं. आपण चढतोय की उतरतोय हे अंगाला कळत नाही, म्हणून समोर व्हेरिओमीटर नावाचं यंत्र लागतं. आमचं बिघडलं आणि तीन महिने घरात दुसरा विषय उरला नाही.

दादाचं शाहूपुरीत लेथचं वर्कशॉप. त्याला काट्याचं यंत्र हवं होतं: एक बाटली, एक नळी, एक काटा. वर जाताना बाटलीतली हवा बाहेर पडते आणि काटा वर सरकतो. मला इलेक्ट्रॉनिक हवं होतं. ते चढताना पिप् पिप् करतं, नजर बाहेर ठेवता येते. (दादा म्हणायचा, कोंबडीची पिल्लं पाळायची तर घरी पाळ.) दोन्ही यंत्रं उसनी आणली, पण वाद काही मिटेना. शेवटी वहिनी वैतागली. "बिल्डिंगला लिफ्ट हाय न्हवं? तिथं चढवा-उतरवा आणि एकदाचा निकाल लावा." कंटाळलेल्या बाईचं बोलणं होतं ते. आम्ही ते शास्त्र समजलो.

आणि मुहूर्त काढला नेमका त्या रविवारचा! दादाच्या लेकीला, अश्विनीला बघायला इचलकरंजीची मंडळी यायची होती. मुलगा-मुलगी एकमेकांना कधीच पसंत होती, फक्त त्याच्या आईवडिलांचा होकार बाकी होता. अश्विनीने आम्हाला एकच विनंती केली होती, की दुपारपर्यंत शहाण्यासारखं वागा. आम्ही दोघांनीही मान डोलावली होती.

काट्याच्या यंत्राला खरं तर थर्मासच लागतो, कारण हाताची ऊब आतल्या हवेला लागली की काटा बहकतो. थर्मास वहिनीने पाहुण्यांच्या चहासाठी अडकवलेला. दादाने स्टीलची पाण्याची बाटली जोडली. मी काही बोललो नाही, कारण माझं यंत्र चार्जिंगला लावायचं राहिलं होतं आणि तेही मला बोलायचं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला आम्ही खाली आलो, तर दारात मुलाचे आईवडील. तासभर आधी! मुलगा गाडी लावायला गेलेला. चौघांनी लिफ्ट भरली. जाळीचं दार ओढायला दादाला हात मोकळे हवे होते. "पावणं, एवढी बाटली धरा की," तो म्हणाला. मुलाच्या वडिलांनी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली. दुसरा मजला ओलांडला आणि लाईट गेली.

"थांबली वाटतं," मुलाच्या आई म्हणाल्या.

दादाने काट्याकडे पाहिलं. पाहुण्यांच्या तळव्यांची ऊब स्टीलला लागून काटा सावकाश वर सरकत होता.

"न्हाय न्हाय, वर चाललोय की आपण."

"मग ही भिंत का हलंना?" पाहुण्यांनी विचारलं.

"काटा खोटं बोलत न्हाय," दादा म्हणाला.

ते माझ्याकडे वळले. माझ्या यंत्राने एक क्षीण पिप् केलं आणि मान टाकली. पाच मिनिटांनी दादाच्या काट्याप्रमाणे आम्ही गच्चीच्याही वर पोचलो होतो. पाहुणे घाम पुसायलासुद्धा बाटली सोडेनात.

अखेर अश्विनीने वॉचमनला गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत पिटाळलं आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट तिसऱ्या मजल्याला आणवली. दार तिनेच उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे बैठकीत येऊन बसले. मुलाच्या आईंनी पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला आणि वहिनीला विचारलं, "एक भाऊ जाग्यावर उभा राहून वर चाललाय, दुसरा बंद पडलाय. पोरगी कुणावर गेलीया?"

"माझ्यावर," चहा ओतता ओतता वहिनी म्हणाली.

"मग काय हरकत न्हाय," त्या म्हणाल्या आणि कप पुढे केला.

लग्नाचा हॉल चौथ्या मजल्यावर होता. लिफ्टच्या दारात विहीणबाईंनी आम्हा दोघांना अडवलं आणि बोटाने जिना दाखवला. आम्ही निमूट निघालो. दोन्ही यंत्रं घरी होती. तरी आपण चढतोय हे त्या दिवशी अंगाला बरोबर कळलं. गुडघे पहिल्या मजल्यापासूनच सांगत होते.